पार्सल परत पाठवायलाही ओटीपी मागा की!

जरा महागाचं पार्सल असलं की डिलिव्हरीवाला दारात उभं राहून आधी ओटीपी मागतो, आणि बरोबरच आहे ते, उद्या कुणी म्हणालं मला मिळालंच नाही तर कंपनीकडे पुरावा नको का. पण तेच पार्सल तुम्हाला न देता परत पाठवायचं असेल तर बऱ्याच ठिकाणी काहीच लागत नाही, अॅपमध्ये एक कारण निवडायचं, 'कस्टमर उपलब्ध नाही', 'दार बंद', 'पत्ता अपूर्ण', 'घ्यायला नकार', आणि बटण दाबायचं, संपलं. तुम्ही दिवसभर घरात, फोन हातात, बेल वाजलेली नाही, कॉल आलेला नाही, आणि संध्याकाळी सात-साडेसातला मेसेज येतो की आम्ही येऊन गेलो पण तुम्ही नव्हता! मग दोन दिवसांनी ट्रॅकिंग उघडून बघावं तर पार्सल भिवंडीच्या गोडाऊनकडे उलट्या पावली निघालेलं असतं.

हा अनुभव इतका कॉमन झालाय की लोक आता त्यावर चिडतही नाहीत, नुसतं 'अरे माझंही तसंच झालं' म्हणतात आणि परत ऑर्डर टाकतात. माझं म्हणणं असं आहे की यात चूक कुठल्या एका आळशी पोराची नाहीये, चूक नियमात आहे, म्हणजे खरं तर नियमच नाहीये त्यात आहे. देण्याचा पुरावा लागतो, न देण्याचा लागत नाही. जोवर हे असं उलटं आहे तोवर कितीही कस्टमर केअर नंबर काढा, चॅटबॉट काढा, काही फरक पडणार नाही.

आधी त्या पोराचंच बघू, कारण सगळ्या शिव्या त्यालाच पडतात. सकाळी हबवर, म्हणजे कुरिअरच्या स्थानिक गोदामात जायचं, रनशीट म्हणजे त्या दिवशीच्या पार्सलांची यादी घ्यायची, पार्सलं स्कॅन करून बॅगेत भरायची आणि निघायचं. बहुतेक ठिकाणी पैसे मिळतात ते दिलेल्या पार्सलवर, म्हणजे गेला आणि कुलूप होतं तर पेट्रोल त्याचं आणि वेळ पण त्याचा. मग कुणी म्हणेल, पार्सल दिल्यावरच पैसे मिळतात तर खोटं 'उपलब्ध नाही' मारून त्याचा फायदा काय? फायदा नाहीच, पण दिवस संपताना रनशीटवरच्या प्रत्येक पार्सलपुढे काहीतरी स्टेटस लागतं. लोड जास्त होता, पाऊस होता, एका सोसायटीत लिफ्ट बंद होती, नवव्या मजल्यावर चढून उतरण्यात वीस मिनिटं गेली, आणि आठ वाजले. आता 'वेळ पुरला नाही' असं लिहिलं तर तो ठपका हबवर येतो, कारण त्याच दिवशी अटेम्प्ट झाला पाहिजे असा आकडा वरून आलेला असतो, आणि तो आकडा हबच्या मॅनेजरच्या डोक्यावर असतो. 'कस्टमर उपलब्ध नाही' लिहिलं की ठपका कुणावरच येत नाही. म्हणजे येतो, तुमच्यावर येतो, पण तुम्हाला कोण विचारतंय.

थोडक्यात काय, खोटं बोलायला त्याला सिस्टीमनेच शिकवलंय, कारण खरं बोलायचा पर्यायच त्या यादीत नाही, असला तरी तो महाग पडतो. शिवाय हा पोरगा त्या कंपनीचा नोकरदार असेलच असं नाही, मध्ये कंत्राटदार असतो, फ्रँचायझी असते. सामाजिक सुरक्षा संहिता 2020 साली संसदेत झाली आणि लागू व्हायला नोव्हेंबर 2025 उजाडला, आत्ता कुठे त्यात गिग कामगार (पक्की नोकरी नसलेला, कामागणिक पैसे घेणारा) हा शब्द कायद्याच्या पुस्तकात आलाय. अशा माणसाला रेटिंगमध्ये एक स्टार देऊन आपण कुणाला धडा शिकवतोय? त्याची आयडी बंद होईल, उद्या दुसरा येईल आणि त्याच यादीतून तेच कारण निवडेल.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त खटकते. तुम्ही पार्सलची वाट बघता, पैसे तुम्ही भरलेत, डिलिव्हरी चार्जसुद्धा तुम्हीच भरलाय, पण कुरिअरवाल्याच्या लेखी तुम्ही त्याचे ग्राहकच नाही. त्याचा ग्राहक म्हणजे माल पाठवणारा. कॉल केलात की पहिलं उत्तर हेच येतं, 'सर तुम्ही सेलरशी बोला'. सेलर म्हणतो आम्ही पाठवलंय, कुरिअरशी बोला. दोघंही आपापल्या जागी बरोबर असतात आणि पार्सल मात्र मागे जात असतं.

याचं मूळ बरंच जुनं आहे. आपला माल विक्रीचा कायदा 1930 चा, त्याच्या कलम 39 मध्ये असं धरलंय की विकणाऱ्याने माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला म्हणजे प्रथमदर्शनी तो घेणाऱ्यालाच दिला. तेव्हा ते ठीक होतं, व्यापारी व्यापाऱ्याला रेल्वेने गाठोडी पाठवायचा, वाहतूकदार ठरवताना दोघांचा विचार असायचा, आणि गाठोडं स्टेशनवर पडलेलं असायचं तिथून आणायला घेणाराच जायचा. आज मी मोबाइलवरून चारशे रुपयांचा कुकरचा गॅस्केट मागवतो, कुरिअर कुठला असेल हे मला विचारलंही जात नाही, आणि कायद्याचा मूळ विचार अजून त्याच गाठोड्यापाशी आहे. इंग्लंडने, ज्यांच्या कायद्यावरून आपला बेतला, त्यांनी 2015 च्या ग्राहक हक्क कायद्यात सरळ लिहून टाकलं की सामान्य ग्राहकाच्या हातात वस्तू पडेपर्यंत जोखीम विकणाऱ्याची. आपल्याकडे 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा आला, 2020 मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले, त्यात तक्रार निवारण अधिकारी नेमा, 48 तासांत तक्रारीची पोच द्या, महिन्याभरात निकाली काढा, हे सगळं आहे, चांगलंच आहे. पण 'अटेम्प्ट' म्हणजे काय, तो झाला हे सिद्ध कुणी करायचं, पार्सल किती दिवस थांबवायचं, यावर काही नाही. महिन्याभरात तक्रार निकाली निघेपर्यंत पार्सल परत जाऊन पुन्हा दुसऱ्या कुणाला विकलं पण गेलेलं असतं.

इथे मला पोस्टमनची आठवण काढावीच लागेल, आणि मी काही पोस्टाचा अंधभक्त नाही हे आधीच सांगतो. पण पोस्टात एक गोष्ट शिस्तीत होती. रजिस्टर किंवा स्पीड पोस्ट आलं आणि दाराला कुलूप असलं तर पोस्टमन चिठ्ठी टाकून जायचा, आणि पत्र लगेच परत न जाता साधारण सात दिवस पोस्टात ठेवलं जायचं, तुम्ही जाऊन ओळख पटवून घेऊन यायचं. आणि पाकिटावर तो जो शेरा मारायचा, 'घर बंद', 'घेण्यास नकार', त्याला वजन होतं. किती वजन, तर चेक बाउन्सच्या केसमध्ये नोटीस अशा शेऱ्यानिशी परत आली तरी ती बजावली गेली असं धरता येतं, सुप्रीम कोर्टाने 2007 च्या सी. सी. अलवी हाजी खटल्यात हेच पक्कं केलं, समोरच्याला वाटलं तर त्याने ते खोडून दाखवावं. म्हणजे एका पोस्टमनच्या दोन शब्दांवर माणूस कोर्टात उभा राहू शकतो, कारण त्या दोन शब्दांमागे खातं आहे, तारीख आहे, सही आहे, आणि खोटा शेरा मारला तर चौकशी आहे.

कुरिअरच्या ड्रॉपडाउनमधल्या शेऱ्यामागे काय आहे? काहीही नाही. तरी त्याच्यावर तुमच्या पार्सलचा निकाल लागतो.

पोस्टही आता बदललंय. 1 सप्टेंबर 2025 पासून रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झालं, स्पीड पोस्टला ओटीपी डिलिव्हरीची सोय आली. आणि पोस्टाची एक बाजू फारच लंगडी आहे, 1898 च्या जुन्या कायद्यात खात्याला जबाबदारीतून जवळजवळ पूर्ण सूट होती, तो जाऊन 2023 चा नवा कायदा आला तरी ती सूट बऱ्यापैकी तशीच राहिली. तेव्हा पोस्टाचं सगळं घ्या असं मी म्हणत नाहीये. ते सात दिवस आणि शेऱ्यामागची ती जबाबदारी, एवढं घ्या.

आता कंपन्यांची बाजू, कारण ती अगदीच पोकळ नाहीये. त्यांचं पहिलं म्हणणं कॅश ऑन डिलिव्हरीचं. लोक गंमत म्हणून ऑर्डर टाकतात, पार्सल दारात आल्यावर 'आत्ता पैसे नाहीत, उद्या या' म्हणतात, उद्या फोन उचलत नाहीत, तीच वस्तू दुसरीकडे स्वस्त मिळाली म्हणून तोंडावर नकार देतात. खरं आहे हे. यात मरतो कोण तर छोटा विकणारा. ओळखीतल्या एक काकू सांगलीकडे घरचा मसाला, मेतकूट, चटण्या करून विकतात, इन्स्टावर ऑर्डर घेतात, त्यांच्याकडून ऐकलंय की एक पार्सल परत आलं की जायचं भाडं, यायचं भाडं, पॅकिंग, असं सगळं धरून पुढच्या दोन-तीन पार्सलचा नफा जातो. आणि परत आलेला मसाल्याचा पुडा पुन्हा विकता येत नाही, फुटलेला तरी असतो नाहीतर दोन महिने कुठेतरी गोडाऊनमध्ये तापलेला असतो. देवगड-रत्नागिरीकडून हापूसच्या पेट्या पाठवणाऱ्यांचं तर विचारूच नका, मे महिन्यात पेटी परत फिरली म्हणजे ती बागायतदाराच्या दारात येईपर्यंत त्यात आंबा राहिलेला नसतो. म्हणूनच कोकणातले लोक अजूनही एसटीला नाहीतर ट्रॅव्हल्सला पेटी लावतात, ड्रायव्हरचा नंबर कळवतात, आणि घेणारा पहाटे स्टॅंडवर जाऊन उभा राहतो. डिलिव्हरी नाहीच ती, पण पेटी मिळते!

पण हे सगळं माझ्याच बाजूने जातंय हे बघा. ग्राहकाने खरंच नकार दिला की पोराने खोटंच 'नकार' मारलं, हे त्या काकूंना कळायला मार्ग काय? त्यांच्या पॅनेलवर दोन्ही सारखंच दिसतं. एनडीआर येतो, म्हणजे डिलिव्हरी झाली नाही असा रिपोर्ट, त्यांनी ठरलेल्या वेळेत 'पुन्हा प्रयत्न करा' दाबलं तर ठीक, त्या दिवशी त्या चटणी भाजत होत्या आणि लक्ष गेलं नाही तर पार्सल परत, आणि दोन्ही भाडी त्यांच्या खात्यातून कट. म्हणजे ज्या कुरिअर कंपनीने काम केलं नाही तिला न केलेल्या कामाचे पैसे, वर परत आणायचेही पैसे! नकाराला ओटीपी लागला तर खोटारडा ग्राहकही सापडेल आणि खोटा शेराही सापडेल. खऱ्या नकारवाल्याने ओटीपी नाही दिला तर? तर पार्सल सात दिवस थांबेल आणि मग जाईल, बिघडलं काय. काही मोठ्या प्लॅटफॉर्मवर रद्द करायला कोड मागतात, म्हणजे तांत्रिक अडचण वगैरे काही नाही. आणि ज्याने आधीच पैसे भरलेत त्याला तर कॅश ऑन डिलिव्हरीच्या पापाची शिक्षा द्यायचं काही कारणच नाही. पूर्ण पैसे भरलेला माणूस स्वतःहून पार्सल का नाकारेल, आणि नाकारलंच तर ते एका कोडने कळवायला त्याला काय जड आहे?

दुसरं म्हणणं पत्त्याचं. आपले पत्ते कसे असतात आपल्याला माहितीये, 'मारुती मंदिरामागे, पाटलांच्या वाड्याशेजारी, निळं गेट', आणि वस्तीवरचा पत्ता असेल तर नुसतं 'अमुक मळा'. पिनकोड हा प्रकार ज्यांच्या डोक्यातून आला ते श्रीराम भिकाजी वेलणकर मराठी माणूस, 15 ऑगस्ट 1972 ला तो सुरू झाला, आणि का आणला तर सारख्या नावाची गावं, वेगवेगळ्या भाषांतले पत्ते, यातून पत्र नीट जावं म्हणून. सहा आकड्यांवर तेव्हा देश चालला. आणि आता 2025 मध्ये पोस्टानेच डिजिपिन आणला, दहा अक्षरं-आकड्यांचा कोड, साधारण चार मीटर बाय चार मीटरचा चौकोन दाखवतो, म्हणजे गल्ली सोडा, तुमचं अंगण दाखवतो. शिवाय लेबलवर फोन नंबर असतो, व्हॉट्सअॅपवर लोकेशन मागता येतं. वाण्याच्या दुकानातला पोरगा 'निळं गेट' शोधून पाच किलो तांदूळ आणून देतो. 'पत्ता अपूर्ण' हे कारण फोन न करता देताच येऊ नये, आणि फोन केला होता की नाही हे कंपनीच्या सिस्टीमला माहीत असतं, कारण बऱ्याचदा कॉल अॅपमधूनच, नंबर झाकून लागतो.

फोनचं म्हणाल तर त्यात आपलीही बाजू सांगायला हवी. अनोळखी नंबर आता कोण उचलतं? लोनवाले, प्लॉटवाले, आणि गेल्या काही वर्षांत ते डिजिटल अरेस्टवाले, 'तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत' म्हणून सुरुवात करणारे. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आपणच बजावून ठेवलंय की अनोळखी फोन उचलू नका. मग डिलिव्हरीचा खरा कॉल पण मरतो त्यात. बँकांच्या आणि सरकारी कामाच्या कॉलसाठी 1600 ने सुरू होणारे नंबर काढले ना, जाहिरातवाल्यांना 140 दिले, तसे डिलिव्हरीवाल्यांना एक वेगळी सिरीज द्या, नंबर बघितल्या बघितल्या कळेल की पार्सल आलंय. फार खर्चाचं काम वाटत नाही मला तरी.

आणि हा फसवणुकीचा मुद्दा मला वाटतं कुणी पुरेसा मनावर घेत नाहीये. 'पत्ता अपूर्ण असल्याने तुमचं पार्सल देता आलं नाही, लिंकवर पत्ता अपडेट करा, नाहीतर परत जाईल', पोस्टाच्या नावाने असे खोटे मेसेज फिरतात, सरकारच्या पीआयबी फॅक्ट चेकने त्यावर लोकांना सावध केलंय. पण हा सापळा चालतो का? कारण खरे मेसेज पण हुबेहूब असेच असतात! तेवढंच कोरडं, तेवढंच घाबरवणारं, तेवढ्याच कमी वेळाचं. खरा कस्टमर केअर नंबर लागत नाही म्हणून माणूस गुगलवर नंबर शोधतो, तिथे भामट्याने टाकलेला नंबर सापडतो, तो म्हणतो पाच रुपये भरा, हे अॅप टाका, आणि खातं रिकामं. डिलिव्हरी बॉयचं सोंग घेऊन 'हा कोड डायल करा' सांगतात आणि तुमचे कॉल त्यांच्याकडे वळतात, दूरसंचार खात्याने *401# च्या बाबतीत तसा इशाराही दिला होता. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीच्या 1930 हेल्पलाइनवर लगेच कळवायचं हे ठीक, पण पार्सल परत जाण्याची ही जी सततची धाकधूक आहे तिच्यावरच हे धंदे पोसले गेलेत. पार्सल आपोआप परत जात नाही, सात दिवस थांबतंच, हे एकदा लोकांना पक्कं माहीत झालं की निम्मी घाई तिथेच संपेल, आणि घाई संपली की लिंकवर बोट पडायचं थांबेल.

तिसरं म्हणणं, आणि हे मला खरोखर वजनदार वाटतं, ते जागेचं. सात दिवस प्रत्येक पार्सल ठेवायचं तर शहरातल्या हबला जागा कुठून आणायची, पुण्या-मुंबईत भाडं काय आहे, सणाच्या सेलमध्ये तर पार्सलं रस्त्यावर ठेवायची वेळ येते. मान्य. पण हा प्रश्न आपण आधी सोडवलेला आहे. रेल्वेच्या पार्सल ऑफिसात माल ठरलेल्या वेळात उचलला नाही तर वॉर्फेज, म्हणजे माल पडून राहिल्याचं भाडं लागतं, तासाच्या हिशेबाने वाढतं, आणि लोक बरोबर धावत येतात. तसं करा, पहिले दोन दिवस फुकट, पुढे रोजचे दहा-पंधरा रुपये घ्या, देतील लोक, परत ऑर्डर करण्यापेक्षा ते स्वस्तच आहे. नाहीतर कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडे, मेडिकलमध्ये, डेअरीत ठेवा, त्याला पार्सलमागे काही रुपये द्या, त्याचंही गिऱ्हाईक वाढेल. गावाकडे तर पोस्टाची शाखा आहेच, देशात दीड लाखाच्या वर पोस्ट ऑफिसं आहेत आणि त्यातली बहुतेक खेड्यात. 'तुमचा पिनकोड सर्व्हिसेबल नाही' म्हणून तालुक्यावरूनच पार्सल परत फिरवण्यापेक्षा शेवटच्या टप्प्याला ते पोस्टाच्या हवाली करणं अवघड नसावं.

पण हे सगळं कंपन्या आपण होऊन करतील का? नाही करणार. कारण पार्सल परत गेल्याने त्यांचं काही जात नाही. इथे पैशाचा हिशेब लावल्याशिवाय काही हलणार नाही, आणि तो कसा लावायचा हे रिझर्व्ह बँकेने दाखवून दिलंय. एटीएममधून पैसे आले नाहीत आणि खात्यातून कापले गेले तर बँकेने पाच दिवसांत ते स्वतःहून परत टाकायचे, उशीर झाला तर पुढे दर दिवसाला 100 रुपये भरपाई, ग्राहकाने तक्रार केली नसली तरी, हा 2019 चा नियम. आधी काय व्हायचं, आपण ब्रँचमध्ये खेटे घालायचो. विजेचंही तसंच, राज्य वीज नियामक आयोगाच्या नियमांत कुठल्या कामाला किती दिवस आणि उशीर झाला तर किती भरपाई हे ठरलेलं आहे, आता ती मागायला किती लोक जातात हा भाग वेगळा. बँकेला रिझर्व्ह बँक, फोनला ट्राय, विजेला आयोग, विम्याला आयआरडीएआय, आणि रोज घरोघर जाणाऱ्या या कुरिअर धंद्याला कोण? वेगळा नियामक असा कुणीच नाही.

मी नवीन नियामक मागत नाहीये, आधीच भरपूर कार्यालयं आहेत. ग्राहक व्यवहार मंत्रालयाने 2020 च्या त्याच ई-कॉमर्स नियमांत दुरुस्ती करावी, की प्रयत्न झाला असं म्हणायचं असेल तर त्या वेळचं लोकेशन आणि कॉलची नोंद घेणाऱ्याला दिसली पाहिजे, पार्सल परत पाठवायचं तर त्याचा कोड हवा किंवा सात दिवस थांबलेलं हवं, आणि शेरा खोटा निघाला तर ठरलेली रक्कम आपोआप घेणाऱ्याच्या खात्यात आणि परतीचं भाडं विकणाऱ्याला माफ. रक्कम मोठी नको, शंभर-दोनशे पुरे, कारण ती लाखो पार्सलवर लागली की हबच्या आकड्यांचं गणितच उलटं होतं, मग मॅनेजर स्वतःच पोराला सांगेल, 'बाबा, वेळ पुरला नाही असंच लिही'.

तोवर कुरिअरच्या पावतीवरच्या बारीक अक्षरातल्या अटी आपल्याला वाचवतील या भरवशावर राहायला नको. 1996 मध्ये भारती निटिंग कंपनी विरुद्ध डीएचएल खटल्यात सुप्रीम कोर्टाने मानलं होतं की पावतीवर सही केलीय आणि त्यात 100 डॉलरची मर्यादा लिहिलीय तर तेवढंच मिळेल. तेव्हा कागदावर सही तरी होती, आज घेणारा कुठेच सही करत नाही आणि तरी अटी त्याच्यावर लादल्या जातात. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात मात्र दोन गोष्टी कामाच्या आहेत. एक म्हणजे सेवा ज्याच्यासाठी घेतली तो, म्हणजे पार्सल घेणारा, हासुद्धा ग्राहक या व्याख्येत बसतो, तेव्हा 'तुम्ही आमचे कस्टमर नाही' हे उत्तर ऐकून गप्प बसायची गरज नाही. आणि दुसरं, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनीचं ऑफिस गुडगावला असलं तरी.

म्हणून 'कस्टमर उपलब्ध नाही'चा मेसेज आला की लगेच स्क्रीनशॉट काढा, त्या दिवशीचा कॉल लॉग ठेवा, सोसायटीच्या गेटवर एंट्रीचं रजिस्टर किंवा अॅप असेल तर त्या दिवशीची नोंद मागून घ्या, कारण कुणी आलंच नव्हतं हे दाखवायला त्याहून चांगलं काही नाही. ई-मेल सेलर आणि कुरिअर दोघांनाही एकत्रच टाका, म्हणजे एकमेकांकडे बोट दाखवायला जागा उरत नाही, आणि त्यात 'माझं पार्सल कधी येणार' असं विचारत बसू नका, थेट मागा की ज्या प्रयत्नाची नोंद केलीत त्या वेळचं लोकेशन आणि कॉल रेकॉर्ड द्या. उत्तर आलं नाही की 1915 वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, तिथेही नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होतं, दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, दोन वर्षांची मुदत असते. चारशेच्या गॅस्केटसाठी कोण एवढं करणार हे मला माहितीये. पण मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या, 1975 पासून काम करणाऱ्या संस्थांनी अशा शे-दोनशे तक्रारी एकत्र करून मंत्रालयापुढे ठेवल्या, आणि इन्स्टावरून विकणाऱ्या छोट्या लोकांनी आपले परतीच्या भाड्याचे हिशेब त्याला जोडले, तर नियमात दुरुस्ती करा म्हणायला एवढं पुरेल.